आधी मराठीत सांगा, मग इंग्रजीत लिहा: पॅराफ्रेज आणि सायटेशन पहिल्यांदाच शिकणाऱ्यांसाठी

सबमिशनचे दिवस आले की माझ्याकडे येणाऱ्या मुलामुलींचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, ताई सारखेपणा तपासणाऱ्या रिपोर्टमध्ये ३८ टक्के आलंय, आता कुठले शब्द बदलू? मी दरवेळी आधी लॅपटॉप बंद करायला लावते आणि विचारते, ज्या लेखातून हे घेतलंस त्याच्यात लेखकाचं म्हणणं काय आहे ते मला सांग, इंग्रजीत नको, आपण बोलतो तसं सांग. बरेच जण तिथेच अडकतात. म्हणजे अडचण शब्दांची नसतेच, वाचलेलं अजून डोक्यात उतरलेलं नसतं, आणि जे डोक्यात उतरलं नाही ते आपल्या शब्दांत येणार कुठून.

पॅराफ्रेज म्हणजे दुसऱ्याचं म्हणणं आपल्या शब्दांत मांडणं, आणि सायटेशन म्हणजे ते कोणाचं आहे ते नाव देऊन सांगणं. हे लिहितेय ते ज्यांना कॉलेजात पहिल्यांदाच इंग्रजीत एसे किंवा असाइनमेंट लिहायची वेळ आलीये त्यांच्यासाठी. एमए इंग्लिशवाले, एमबीएवाले, इंजिनिअरिंग करून बाहेर मास्टर्सला निघालेले, मुक्त विद्यापीठातून नोकरी सांभाळून शिकणारे, सगळेच. मी स्वतः नाशिक जिल्ह्यात, दिंडोरी तालुक्यातल्या मराठी शाळेत शिकले, आणि मला मनापासून वाटतं की मराठी मिडियमच्या मुलांना हे काम उलट जास्त चांगलं जमू शकतं, फक्त कोणी नीट दाखवलेलं नसतं.

शाळेत आपल्याला काय सवय लागते बघा. व्याख्या पुस्तकात आहे तशी लिहिली की पूर्ण मार्क, जरा स्वतःचं काही घातलं की अर्धा मार्क गेला. गाईडमधलं उत्तर पाठ करायचं आणि पेपरात उतरवायचं, त्यालाच अभ्यास म्हणायचं. दहा-बारा वर्षं हे केलेल्या मुलाला पहिल्या सेमिस्टरला कोणीतरी एकदम म्हणतं की हे प्लेजियारिझम आहे, ही चोरी आहे, तेव्हा तो हादरतोच. मी अशा मुलांना चोर समजत नाही, पण नियम नवीन आहेत आणि ते शिकावे लागतात हे मात्र खरंच.

माझंही असंच झालं होतं. एमएच्या पहिल्या वर्षी माझा एसे परत आला, त्यात ओळीच्या ओळी लाल पेनाने अधोरेखित आणि शेजारी एवढंच लिहिलेलं की हे शब्द कोणाचे? मी रडकुंडीला आले कारण मी खरंच मेहनत घेतली होती, तीन पुस्तकं वाचली होती. मॅडमनी मला समोर बसवलं आणि मराठीत विचारलं की हा लेखक काय म्हणतोय ते सांग बरं. मी पाचेक मिनिटं बोलले. त्या म्हणाल्या, आत्ता बोललीस ना, हेच इंग्रजीत लिही आणि शेवटी त्याचं नाव टाक. पुढे मी जे काही शिकले आणि शिकवते ते सगळं त्या एका वाक्यातून आलंय.

पहिलं काम: वही

पॅराफ्रेज चुकतं ते लिहिताना नाही, नोट्स काढतानाच. आपण पुस्तकातून वाक्य उतरवून घेतो, पंधरा दिवसांनी वही उघडतो आणि हे वाक्य आपलं की पुस्तकातलं तेच आठवत नाही. मग ते तसंच एसेत जातं. ही चूक प्रामाणिक असते पण तपासणाऱ्याला ते कसं कळणार?

म्हणून वहीचं पान मधोमध दुमडा. डाव्या बाजूला वर लेखकाचं नाव, साल आणि पान नंबर, हे आधी लिहायचं, नंतर लिहू म्हटलं की राहतंच. त्याखाली पुस्तकातले शब्द जसेच्या तसे घेतले असतील तर दोन्ही बाजूंना मोठी ठळक अवतरणचिन्हं, अगदी तीन शब्द असले तरी. उजव्या बाजूला मराठीत तुम्हाला काय समजलं ते. मराठीतच लिहा, अशुद्ध असलं तरी चालेल, ते कोणी तपासणार नाहीये. आणि तिसरी गोष्ट, वाचताना तुमच्या मनात काही आलं, पटलं नाही, गावाकडचं काही आठवलं, तर ते वेगळ्या रंगाने लिहा म्हणजे नंतर कळतं की हे माझं स्वतःचं आहे.

पुस्तक लायब्ररीचं असेल, म्हणजे कॉलेजचं किंवा आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचं, तर परत देण्याआधी मोबाईलवर दोन फोटो काढा, एक टायटल पेजचा आणि दुसरा त्याच्या मागच्या पानाचा. मागच्या पानावर प्रकाशक, साल, आवृत्ती सगळं असतं. हे दोन फोटो नसल्यामुळे शेवटच्या रात्री लोकांना केवढा त्रास होतो ते मी पाहिलंय. वाचनालय १८४० पासून सुरू आहे, ते कुठे जात नाही, पण तुम्हाला हवं ते पुस्तक नेमकं त्या आठवड्यात दुसऱ्या कोणीतरी नेलेलं असतं.

दुसरं काम: पुस्तक मिटा आणि मराठीत बोला

इथे जरा थांबून सांगते कारण सगळा खेळ इथेच आहे.

मी वर्गात वापरते ते उदाहरण घ्या. मानून चला की पाटील नावाच्या लेखकाच्या २०१८ च्या पुस्तकात असं वाक्य आहे: फार्मर्स इन निफाड सेल देअर अनियन्स सून आफ्टर हार्वेस्ट बिकॉज दे लॅक स्टोरेज, अँड धिस सडन सप्लाय कीप्स प्राइसेस लो. वाक्य मी बनवलेलं आहे, लेखकही काल्पनिक आहे, पण अशी वाक्यं तुम्हाला ढिगाने भेटतील.

आता बहुतेक जण काय करतात, वाक्य समोर ठेवतात आणि एकेक शब्द बदलत जातात. फार्मर्सचं कल्टिव्हेटर्स, सेलचं डिस्पोज ऑफ, सूनचं शॉर्टली, लॅकचं डू नॉट पझेस, लोचं डिप्रेस्ड. तयार झालेलं वाक्य: कल्टिव्हेटर्स इन निफाड डिस्पोज ऑफ देअर अनियन्स शॉर्टली आफ्टर हार्वेस्ट बिकॉज दे डू नॉट पझेस स्टोरेज, अँड धिस अ‍ॅब्रप्ट सप्लाय कीप्स प्राइसेस डिप्रेस्ड. नीट बघा, सांगाडा तोच आहे, फार्मर्सच्या जागी कल्टिव्हेटर्स बसलेत, बिकॉज आपल्या जागी, अँड आपल्या जागी. आणि वाक्य मूळच्यापेक्षा वाईट झालंय ते वेगळंच.

याला इंग्रजीत पॅचरायटिंग म्हणतात, रिबेका मूर हॉवर्ड नावाच्या अमेरिकन प्राध्यापिकेने १९९० च्या दशकात हा शब्द आणला. आपल्या भाषेत सांगायचं तर ठिगळं लावणं, कापड दुसऱ्याचं, वर चार ठिगळं आपली. हॉवर्ड बाईंचं म्हणणं मला फार पटतं, त्या म्हणतात की नवखा माणूस अनोळखी भाषा आणि अनोळखी विषय शिकताना असं करतोच, ही शिकण्यातली एक अवस्था आहे, त्याला सरसकट फसवणूक ठरवून शिक्षा करू नये. पण म्हणून ते एसेत चालतं असं नाही. ती अवस्था ओलांडायची असते.

कशी ओलांडायची? पुस्तक मिटा. खरंच मिटा, बोट घालून ठेवू नका. आणि घरात जो कोणी असेल त्याला, आईला, रूममेटला, कोणीच नसेल तर मोबाईलवर व्हॉइस रेकॉर्ड करून सांगा. माझ्याकडे निफाडकडचीच एक मुलगी होती, तिने हेच वाक्य कसं सांगितलं ते ऐका: चाळ नाही ना त्यांच्याकडे, मग कांदा काढला की लगेच विकावा लागतो, आणि सगळ्यांचंच तसं असतं म्हणून सगळे एकदमच मार्केटला येतात, मग भाव पडणारच.

बघा काय झालं. स्टोरेजची झाली चाळ, म्हणजे कांदा साठवायची जागा. वाक्याची सुरुवात शेतकऱ्यापासून व्हायची ती चाळीपासून झाली. सडन सप्लाय हे दोन शब्द जाऊन तिथे सगळे एकदमच मार्केटला येतात असं जिवंत चित्र आलं. इंग्रजी वाक्याचा सांगाडा आपोआप मोडला कारण मराठीत तो सांगाडा उभाच राहत नाही, आपलं क्रियापद शेवटी, आपलं कारण आधी, आपल्या बोलण्याची चालच वेगळी. ज्याला एकच भाषा येते त्याला हा सांगाडा मोडायला कष्ट पडतात, आपल्याला मराठीतून एक वळसा घातला की काम होतं.

आता हे मराठी बोलणं समोर ठेवून इंग्रजीत लिहा, मूळ वाक्य न बघता. तिने लिहिलं: अकॉर्डिंग टू पाटील (२०१८), प्राइसेस इन निफाड फॉल बिकॉज ग्रोअर्स विदाउट अ प्लेस टू कीप द क्रॉप ऑल रीच द मार्केट अ‍ॅट द सेम टाइम. साधं, सरळ, तिचं स्वतःचं.

मग पुस्तक उघडा आणि दोन गोष्टी तपासा. अर्थ बदलला का? आणि मूळातले सलग तीन-चार शब्द चुकून तसेच आले का? आले असतील तर एक तर ते बदला नाहीतर अवतरणात टाका. अर्थाचं जास्त जपा, कारण मूळात मे, पर्हॅप्स, सम असे शब्द असतात आणि आपण सांगताना ते गळून पडतात, लेखक म्हणतो काही शेतकरी, आपण लिहितो शेतकरी. मग तुम्ही लेखकाच्या तोंडी त्याने न म्हटलेलं घातलंत.

याच मुलीचं अजून एक सांगते. ती म्हणाली, ताई पण हे उन्हाळ कांद्याचं झालं, लाल कांदा तर चाळीतही टिकत नाही, तो विकावाच लागतो. मी तिला म्हटलं हे लिहीच. पण आता प्रश्न आला की पाटलांचं म्हणणं कुठे संपलं आणि तुझं कुठे सुरू झालं हे वाचणाऱ्याला कसं कळणार? म्हणून पाटलांच्या वाक्याला सायटेशन लावून ते बंद केलं आणि पुढचं वाक्य सुरू केलं, धिस एक्सप्लनेशन, हाउएव्हर, डज नॉट कव्हर द रेड क्रॉप. असं एक वाक्य जिथे स्वतःचं आलं तिथे तो एसे झाला, नाहीतर नुसती माहिती गोळा केलेली असते. सायटेशन नीट असलं तर तुमचं स्वतःचं उठून दिसतं, हे मुलांना उशिरा कळतं, त्यांना वाटतं जितकी नावं जास्त तितकं आपलं कमी.

काय बदलायचं नाही

पॅराफ्रेज म्हणजे प्रत्येक शब्द बदलायचा हा गैरसमज डोक्यातून काढून टाका. क्लायमेट चेंज हे क्लायमेट चेंजच राहतं, त्याचं वेदर आल्टरेशन करू नका. मिनिमम सपोर्ट प्राइस, फोटोसिंथेसिस, कायद्यांची नावं, संस्थांची नावं, आकडे, हे सगळं तसंच ठेवायचं, ते कोणाच्या मालकीचे शब्द नाहीत. नेटवरची फुकट पॅराफ्रेज टूल्स इथेच घोटाळा करतात, पारिभाषिक शब्दाला समानार्थी शब्द लावून टाकतात आणि विषय माहीत असलेल्या सरांना पहिल्या ओळीतच कळतं. मी ही टूल्स वापरू देत नाही. आणि त्यातून काढलं तरी सायटेशन लागतंच, टूलने शब्द बदलले म्हणून विचार तुमचा होत नाही.

तिसरं काम: कोणाचं आहे ते सांगा

मराठीत आपण दिवसभर सायटेशन देत असतो. शेजारच्यांचा मुलगा पास झाला म्हणे. त्यांनी गंगापूर रोडला फ्लॅट घेतला म्हणे. त्या एका म्हणेने आपण सांगून टाकतो की ही बातमी माझी नाही, मी ऐकलेली आहे, खरीखोटी सांगणाऱ्याची. इंग्रजीत वाक्याच्या शेवटी असं म्हणे लावता येत नाही, म्हणून तिथे वाक्याच्या सुरुवातीला नाव घ्यावं लागतं नाहीतर शेवटी कंस लावावा लागतो. माझ्या मुलांना मी सांगते की जिथे तुम्ही मराठीत म्हणे लावला असता तिथे इंग्रजीत सायटेशन पाहिजे, आणि हे लगेच लक्षात राहतं.

फक्त इंग्रजीत म्हणेचे प्रकार बरेच आहेत आणि ते नीट निवडायला लागतात. स्टेट्स म्हणजे नुसतं सांगतो. आर्ग्यूज म्हणजे वाद घालून पटवून देतो. क्लेम्स म्हटलं की तुम्हाला ते तितकंसं पटलेलं नाही असा वास येतो. सजेस्ट्स म्हणजे ठामपणे नाही पण सुचवतो. फाउंड हे संशोधन करून आकडे काढले असतील तरच. प्रूव्ह्ज शक्यतो नकोच. सगळीकडे सेज सेज लिहिलेला एसे वाचवत नाही. सायटेशन द्यायच्या एपीए आणि एमएलए अशा दोन ठरलेल्या पद्धती आहेत. एपीए पद्धतीत ही क्रियापदं साधारण भूतकाळात जातात, आर्ग्यूड, फाउंड, आणि एमएलएमध्ये वर्तमानकाळात, आर्ग्यूज.

तर मग एपीए की एमएलए? हे तुम्ही ठरवायचं नसतं, डिपार्टमेंटला विचारायचं. साधारणपणे इंग्लिश आणि भाषा-साहित्यवाले एमएलए वापरतात, सायकॉलॉजी, एज्युकेशन, मॅनेजमेंट, नर्सिंगवाले एपीए. सध्या एपीएची सातवी आवृत्ती चालते, २०१९ मध्ये आलेली, आणि एमएलएची नववी, २०२१ ची. नेटवर जुन्या आवृत्त्यांचे चार्ट अजून फिरतायत, ते बघून लिहू नका. पर्ड्यू विद्यापीठाची आउल नावाची वेबसाइट फुकट आहे आणि नमुने चांगले आहेत.

फरक समजून घ्या, पाठ करू नका. एपीएला साल महत्त्वाचं, कारण त्या विषयांत दहा वर्षांपूर्वीचं संशोधन जुनं झालेलं असू शकतं, म्हणून (पाटील, २०१८). एमएलएला पान महत्त्वाचं, कारण साहित्यात वाचणारा ते पान उघडून ती ओळ बघणार असतो, म्हणून (पाटील ४२), मध्ये स्वल्पविराम नाही आणि सालही नाही. पॅराफ्रेज केलं तरी एमएलएत पान नंबर द्यायचाच. एपीएत पॅराफ्रेजला तो दिला नाही तरी चालतो, पण शब्दशः उतारा घेतला तर द्यायलाच लागतो, सालानंतर स्वल्पविराम, मग पी, टिंब आणि आकडा. तीन किंवा जास्त लेखक असले की दोन्हीकडे पहिल्याचं आडनाव आणि पुढे एट अल., म्हणजे आणि इतर.

आपल्याकडची एक खास अडचण म्हणजे आडनावं. तुमच्या यादीत दोन वेगवेगळे पाटील निघणार, पवार निघणार, जाधव निघणार. अशा वेळी मजकुरातही आडनावाच्या आधी इनिशियल लावा म्हणजे कुठला पाटील ते कळेल. आणि एकाच पाटलाची एकाच सालातली दोन पुस्तकं असली तर एपीएत सालाला ए, बी लावतात. शेवटच्या यादीत एपीए आडनाव आणि नुसती आद्याक्षरं घेतं, एमएलए पहिलं नाव पूर्ण घेतं. एपीएची यादी रेफरन्सेस, एमएलएची वर्क्स सायटेड, दोन्ही आडनावाच्या अक्षरक्रमाने. आणि मजकुरात जे नाव आलं ते यादीत पाहिजे, यादीत जे आहे ते मजकुरात पाहिजे. वजन वाढवायला न वाचलेली पुस्तकं यादीत घालू नका.

जुनं पुस्तक नव्या आवृत्तीत वाचलं तर? समजा मूळ १९३६ चं आहे आणि तुमच्या हातातली आवृत्ती २०१४ ची, तर एपीएत दोन्ही सालं मध्ये तिरकी रेघ देऊन लिहितात, १९३६/२०१४. नुसतं २०१४ लिहिलं तर ऐंशीहून जास्त वर्षांपूर्वीचा विचार कालचा वाटतो.

आपल्या सोर्सेसचं काय

हा भाग इंग्रजी गाईडमध्ये सापडत नाही म्हणून जरा सविस्तर. नाशिकवर काही लिहायचं तर निम्मे सोर्स मराठी असणार. मराठी पुस्तक इंग्रजी एसेत बिनधास्त वापरा, त्याने एसे कमी दर्जाचा होत नाही, उलट तपासणाऱ्याला दिसतं की तुम्ही मुळापर्यंत गेलात. यादीत पुस्तकाचं मराठी नाव रोमन लिपीत लिहायचं आणि त्यापुढे चौकोनी कंसात त्याचा इंग्रजी अर्थ. मराठी वाक्य तुम्ही स्वतः इंग्रजीत आणलं असेल तर एपीएच्या हिशोबाने तो पॅराफ्रेजच आहे, अवतरणचिन्हं लागत नाहीत, फक्त सायटेशन पाहिजे. एमएलएत मात्र अवतरणात घालतात आणि कंसात भाषांतर माझं आहे असं सांगतात.

शेतकऱ्याशी बोललात, त्र्यंबकच्या पुजाऱ्यांशी बोललात, आजीकडून १९७२ च्या दुष्काळाच्या आठवणी लिहून घेतल्यात, तर एपीएत ते पर्सनल कम्युनिकेशन, मजकुरातच नाव आणि तारीख द्यायची, यादीत घ्यायचं नाही कारण वाचणाऱ्याला ते शोधून मिळणार नाही. एमएलएत मुलाखत यादीत जाते. आधी त्यांना विचारा की नाव लिहू का, हे कुठल्याही पद्धतीपेक्षा मोठं आहे.

सरकारी रिपोर्टला माणसाचं नाव नसलं तर ते खातं किंवा ती संस्था हीच लेखक. वेबपेजला तारीख नसली तर एपीएत एन. डी., म्हणजे नो डेट, लिहितात. व्हॉट्सअ‍ॅपवर आलेला फॉरवर्ड हा सोर्स नाही, तो कुठून आला ते शोधा, सापडलं तर ते सोर्स.

आणि पाटलांच्या पुस्तकात शिंद्यांचं वाक्य दिलंय, तुम्ही शिंद्यांचं पुस्तक बघितलेलंच नाही, तर शिंद्यांचं नाव असं टाकू नका जणू तुम्ही वाचलंय. एपीएत अ‍ॅज सायटेड इन पाटील, असं लिहा. यादीत फक्त पाटील. हे फार जण चुकवतात, आणि पाटलांनीच शिंद्यांचं चुकीचं दिलं असेल तर ती चूकही तुमच्या गळ्यात पडते.

सायटेशन कुठे नको

गोदावरी त्र्यंबकेश्वरजवळ ब्रह्मगिरीवर उगम पावते, याला सायटेशन लागत नाही. नाशिकला बारा वर्षांनी सिंहस्थ भरतो, यालाही नाही. ही सगळ्यांना माहीत असलेली गोष्ट झाली, कॉमन नॉलेज. पण २०१५ च्या सिंहस्थाला इतके लाख लोक आले असं लिहिलंत की लगेच प्रश्न, कोणी मोजले?

काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० ला सुरू झाला, ही तारीख कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकात मिळते, ती नुसती लिहिली तरी चालेल. १३ ऑक्टोबर १९३५ ला बाबासाहेबांनी येवल्याला धर्मांतराची घोषणा केली, तेही तसंच. पण सत्याग्रहाच्या अनुभवातूनच येवल्याची घोषणा आली असं एखाद्या अभ्यासकाने मांडलं असेल आणि तुम्ही ते घेत असाल तर तिथे नाव पाहिजे, कारण घटना सगळ्यांच्या असतात, त्या जोडून दाखवणं कोणा एकाचं असतं. शंका आली तर द्या. जास्तीचं सायटेशन दिलं म्हणून कोणी नापास झालेलं मी बघितलं नाही.

उतारा शब्दशः कधी घ्यायचा? लेखकाने असं काही म्हटलंय की शब्द बदलले तर त्यातला जीवच जातो, किंवा तुम्ही त्याच्या शब्दांवरच बोलणार आहात, तेव्हाच. एपीएत चाळीस किंवा जास्त शब्दांचा उतारा वेगळ्या ब्लॉकमध्ये आत सरकवून अवतरणाशिवाय देतात, एमएलएत गद्याच्या चार ओळींपेक्षा जास्त असेल तर. पण अशा लांब उताऱ्यांनी पानं भरू नका, पाच पानांच्या एसेत एखादाच बास.

टक्केवारीचं एकदाच समजून घ्या

टर्निटिनसारखं सॉफ्टवेअर चोरी पकडत नाही, ते फक्त सारखेपणा दाखवतं. नीट अवतरणात घातलेला उताराही त्यात रंगीत दिसू शकतो. उलट दुसऱ्याचा आख्खा विचार तुम्ही सुंदर पॅराफ्रेज केला आणि नाव दिलं नाही, तर रिपोर्टमध्ये शून्य येईल आणि तरीही ते प्लेजियारिझमच आहे.

यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, २०१८ चे नियम आहेत, प्रबंध आणि डिझर्टेशनसाठी. १० टक्क्यांपर्यंत सारखेपणाला शिक्षा नाही. १० च्या वर ४० पर्यंत असेल तर जास्तीत जास्त सहा महिन्यांच्या ठरवून दिलेल्या मुदतीत सुधारून द्यायचं. ४० च्या वर ६० पर्यंत असेल तर एक वर्ष सुधारित प्रत देता येत नाही, आणि ६० च्या वर गेलं तर रजिस्ट्रेशनच रद्द. नीट सायटेशन देऊन घेतलेला उतारा, संदर्भ यादी, आभार, कायदे, प्रमाणित समीकरणं हे मोजणीतून वगळतात. लोक यातून काय अर्थ काढतात, की १० टक्के ढापायला परवानगी आहे. तसं नाहीये हो. त्या १० मध्ये एक पॅरेग्राफ दुसऱ्याचा आख्खा असला तर तुमचे मार्गदर्शक तो दाखवून विचारणारच. तुमच्या कॉलेजचे एसेसाठीचे नियम वेगळे असू शकतात, ते सरांकडून आधीच विचारून घ्या.

यादी बनवायला झोटेरो हे फुकट सॉफ्टवेअर वापरा, पहिल्या सेमिस्टरपासून, शेवटच्या नाही. ब्राउझरमधून एका क्लिकवर लेखाची माहिती त्यात जाते. फक्त त्याच्यावर डोळे मिटून विश्वास नको, भारतीय नावांत ते आडनाव आणि नाव उलटं टाकतं कधीकधी, वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं. प्रत्येक नोंद एकदा वाचायची. आणि एआय चॅटबॉटला रेफरन्स मागू नका. तो अगदी खरा वाटणारा लेख, खरं वाटणारं जर्नल, पान नंबरसकट बनवून देऊ शकतो आणि तो लेख जगात नसतोच. यादीतलं प्रत्येक नाव तुम्ही स्वतः उघडून बघितलेलं पाहिजे.

शेवटच्या रात्रीसाठी एक. उद्या सबमिशन आहे, एक वाक्य फार आवडलंय आणि ते कुठल्या पुस्तकातलं ते आठवत नाही, हे होतंच. वाक्य अवतरणात घालून गुगलवर किंवा गुगल बुक्सवर टाका, बऱ्याचदा पानासकट सापडतं. प्रबंधातलं असेल तर शोधगंगा या भारतीय प्रबंधांच्या वेबसाइटवर बघा. मित्राला मेसेज करा, त्याने तेच पुस्तक घेतलेलं असेल. अर्ध्या तासात नाही सापडलं तर ते वाक्य काढून टाका आणि त्याने जी जागा रिकामी झाली तिथे तुम्हाला स्वतःला काय म्हणायचंय ते दोन ओळींत लिहा, आधी मराठीत लिहिलं तरी चालेल.